तिन्हीकडे चालणारी विंडो: घोडं नेमकं पेंड कुठे खातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या वाचनालयासाठी पायथॉनमध्ये पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला, टर्मिनलवर तो झकास चालतो. आता त्याला विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारा यूआय (विंडो, बटनं, मेनू असा दर्शनी भाग) हवा आहे आणि नोंदी मराठीत. लॉजिक दोन आठवड्यांत झालं, यूआयचं घोंगडं मात्र महिनोन्‌महिने भिजत पडलंय. विंडो आणि बटनं बनवून देणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे टूलकिट्स, एकेक करून बघितली: टीकिंटर झालं, क्यूटी झालं, इलेक्ट्रॉन झालं. ऑफिसातले सीनियर म्हणतात, व्हीबी६मध्ये हे एका दुपारचं काम होतं. मग इतक्या वर्षांत ते सोपं व्हायचं सोडून अवघड कसं झालं?

तुमचे सीनियर खोटं बोलत नाहीयेत, पण अर्धीच गोष्ट सांगताहेत. १९९८च्या व्हिज्युअल बेसिक ६मध्ये फॉर्मवर बटन ओढून ठेवलं, त्यावर डबल क्लिक केलं, कोड लिहिला की काम फत्ते, हे खरंच आहे. पण तो फॉर्म एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा. बटन विंडोजचंच, टेक्स्ट बॉक्स विंडोजचाच, व्हीबी फक्त मधला निरोप्या. आणि मराठी? व्हीबी६ची स्वतःची कंट्रोल्स (बटन, टेक्स्ट बॉक्स वगैरे) युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, दाखवूच शकत नव्हती. त्या काळातल्या पतसंस्थांच्या आणि वाचनालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असले फाँट असायचे. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. टेक्स्ट बॉक्सला वाटायचं आपण रोमनच दाखवतोय. वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप करायची की नंतर, हे ऑपरेटरने नाहीतर कीबोर्डच्या ड्रायव्हरने सांभाळायचं. यादी अकारविल्हे लावायला गेलं की ती रोमन कोडच्या क्रमाने लागायची. फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा गचाळा. म्हणजे तेव्हाची दुपार स्वस्तात मिटली, कारण दोन अवघड प्रश्न कुणी विचारलेच नव्हते: दुसऱ्याच्या मशीनवर काय, आणि खऱ्याखुऱ्या मराठी मजकुराचं काय. तुम्ही दोन्ही एकदम विचारताय.

आता मूळ कारण. फाइल उघडणं, नेटवर्कवर बोलणं, आकडेमोड करणं यांत ऑपरेटिंग सिस्टिम्सचं बऱ्यापैकी एकमत आहे. पायथॉनची फाइल उघडायची आज्ञा तिन्हीकडे सारखीच चालते, कारण खाली तिन्हीकडे जवळपास तीच कल्पना आहे. विंडोच्या बाबतीत असं एकमत कधी झालंच नाही. १९८४मध्ये एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी मुद्दामच ठरवलं की आपण चौकोन आणि रेघा द्यायच्या, बटन कसं दिसावं आणि कसं वागावं हे वरच्यांनी बघावं. वरच्यांनी ते आपापल्या परीने बघितलं: अथेना, मोटिफ, पुढे क्यूटी आणि जीटीके. म्हणून लिनक्सवर 'सिस्टिमचं बटन' अशी एक वस्तूच नाही. विंडोजने सी भाषेतले मेसेज आणि मेसेज लूप (निरोपांची वाट बघत फिरत राहणारा कोड) दिले. मॅकवर नेक्स्टस्टेप या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेली ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतल्या वस्तूंची दुनिया आली. या तिघांवर एक झाकण बसवायचं म्हणजे प्रत्येक झाकणकर्त्याला आधी ठरवावं लागतं की बटन सिस्टिमकडून मागून घ्यायचं की स्वतः रंगवायचं.

दोन्ही वाटा जावाने भर बाजारात चालून दाखवल्या. १९९६च्या पहिल्या जावात एडब्ल्यूटी होतं. ते प्रत्येक सिस्टिमचं खरं बटन मागवायचं. पण जे तिन्हीकडे होतं तेवढंच देता यायचं, आणि एकाच बटनाचं माप तीन ठिकाणी तीन, त्यामुळे मांडणी विस्कटायची. म्हणून १९९८च्या आवृत्तीसोबत स्विंग आलं, त्यात बटन जावाच रंगवते. तिथे दुसरं दुखणं. २००१मध्ये विंडोज एक्सपी आलं, सगळी बटनं गुबगुबीत झाली, आणि स्विंगची ॲप्स मात्र जुन्याच करड्या कपड्यांत. एक्सपीसारखा चेहरा जावाला मिळायला १.४.२ ही आवृत्ती, म्हणजे २००३ उजाडलं. स्वतः रंगवणाऱ्या टूलकिटचं हे बहुरूप्यासारखं आहे. फौजदाराचं सोंग हुबेहूब वठलं तरी सरकारने गणवेश बदलला की त्याला पुन्हा शिंप्याकडे जावंच लागतं. २०२५मध्ये ॲपलने लिक्विड ग्लास नावाचा नवा चेहरा आणला तेव्हा सिस्टिमचीच कंट्रोल्स वापरणाऱ्या ॲप्सना तो नव्याने बिल्ड केल्यावर बराचसा आपोआप मिळाला, स्वतः रंगवणाऱ्या फ्लटर या टूलकिटमधली ॲप्स होती तशीच राहिली.

मागून घेणाऱ्या पंथात आज डब्ल्यूएक्सविजेट्स आहे, १९९२मध्ये एडिनबर्ग विद्यापीठात सुरू झालेलं. रंगवणाऱ्यांत क्यूटी आणि फ्लटर. क्यूटीचं सोंग यांतलं सगळ्यात घोटून घेतलेलं. विंडोजवर 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' उजवीकडे असतं, मॅकवर उलट. डायलॉगमधल्या बटनांचा हा क्रम क्यूटी स्वतःहून बदलते. मॅकवर 'सेटिंग्ज' हा मेनू ॲपच्या नावाखाली असावा लागतो, तोही ती उचलून तिथे नेते. पण नेते कशी? मेनूतला मजकूर 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस', 'अबाउट' अशा इंग्रजी शब्दांनी सुरू होतो का ते बघून. तुम्ही मेनू मराठीत लिहिलात की तिला ते ओळखू येत नाही आणि मेनू आहे तिथेच राहतो. त्या मेनूची भूमिका कोडमध्ये स्वतः नेमून द्यावी लागते. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ लागते हे कळायला आधी मॅक समोर हवा.

हे झालं दिसण्याचं. लोक बहुतेक इथेच अडकतात, माझ्या मते मात्र हा भाग सगळ्यात सोपा. खरं घोडं पेंड खातं ते तीन जागी: लूप कुणाचा, मेमरी कुणाची आणि मजकूर कुणाचा.

लूपचं बघा. तुमचा टर्मिनलवरचा प्रोग्रॅम वरून खाली धावतो, कधी थांबायचं ते तोच ठरवतो. विंडो आली की ही मालकी जाते. सिस्टिम तुम्हाला बोलावणार, तुम्ही झटकन उत्तर देऊन बाजूला व्हायचं. 'शोधा' बटनाच्या फंक्शनमध्ये तुम्ही डेटाबेसची पाच सेकंदांची क्वेरी टाकलीत की पाच सेकंद विंडो पुन्हा रंगत नाही, विंडोज तिच्या शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून मोकळं होतं. मग क्वेरी वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर) टाकावी, तर जवळजवळ कुठल्याही टूलकिटमध्ये दुसऱ्या थ्रेडवरून विंडोला हात लावायची मुभा नाही. क्वेरी तिकडे चालवायची आणि निकाल निरोप पाठवून मुख्य थ्रेडकडे द्यायचा, ही रीत जावा, क्यूटी, टीके (टीकिंटरच्या पोटातलं टूलकिट) सगळीकडे सारखीच, नावं तेवढी वेगळी.

मॅकवर याच्याही पुढची अट: यूआय हा प्रोसेसच्या अगदी पहिल्या थ्रेडवरच चालला पाहिजे. जावाचा लाँचर तर तुमचं मेन फंक्शन दुसऱ्याच थ्रेडवर सुरू करतो. म्हणून एक्लिप्सचं एसडब्ल्यूटी हे जावाचं आणखी एक टूलकिट वापरणाऱ्यांना मॅकवर 'पहिल्या थ्रेडवर सुरू कर' असा खास पर्याय द्यावा लागतो. तो विसरला की विंडोज आणि लिनक्सवर धावणारा तोच प्रोग्रॅम मॅकवर उभाच राहत नाही, आणि कोडमध्ये कितीही शोधलं तरी चूक सापडत नाही, कारण ती कोडमध्ये नसतेच. दोन लूप एकत्र नांदवायचे म्हणजे तर आणखी कसरत. इलेक्ट्रॉन वेबपेजच ॲप म्हणून चालवतं. त्यात जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा स्वतःचा लूप आहे आणि क्रोमियमचा, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्याचा, स्वतःचा. त्यांचं जमवायला इलेक्ट्रॉनच्या मंडळींनी एक वेगळा थ्रेड ठेवला, तो नोडच्या घडामोडींवर नजर ठेवतो आणि काही झालं की क्रोमियमच्या लूपला टोचतो. तुम्ही पायथॉनमध्ये असिंकआयओ वापरत असाल (त्याचाही स्वतःचा लूप असतो) तर क्यूटीबरोबर तुम्हाला हीच पंचाईत येईल. तयार लायब्ऱ्या आहेत, त्या घ्या, स्वतः लिहायला जाऊ नका.

मेमरीचा घोळ सगळ्यात फसवा. बहुतेक मोठी टूलकिट्स सी किंवा सी++मध्ये लिहिलेली, आणि आपण त्यांच्याशी पायथॉनमधून बोलतो. एकाच वस्तूचे दोन मालक झाले. टीकिंटरमध्ये हे हाताने करून बघण्यासारखं आहे. फंक्शनमध्ये पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं चित्र फोटोइमेज म्हणून लोड करा, लेबलला द्या, फंक्शन संपू द्या. लेबल दिसतं, त्याची जागा बरोबर चित्राएवढी असते, आणि आत काही नाही. एररही नाही. झालं असं, की चित्राकडे बोट दाखवणारं पायथॉनचं व्हेरिएबल फंक्शनबरोबर संपलं, पायथॉनने चित्र फेकून दिलं. लेबलला फक्त चित्राचं नाव माहीत, ते धरून ठेवणं त्याच्या हातात नाही. इलाज म्हणजे तेच चित्र लेबलच्याच एखाद्या ॲट्रिब्यूटमध्ये अडकवून ठेवायचं. पायसाइडमध्ये, म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरायच्या लायब्ररीत, हाच प्रकार पूर्ण विंडोच्या बाबतीत होतो: फंक्शनच्या आत विंडो तयार केली, दाखवली, ती क्षणभर लुकलुकली आणि गायब. नवशिक्यांना वाटतं मशीनमध्येच काही बिघाड आहे.

'सगळ्या भाषांतून वापरता येईल असं एकच टूलकिट का नाही' याचं उत्तरही इथेच आहे. सी++ची लायब्ररी दुसऱ्या भाषेतून थेट हाक मारून वापरता येत नाही, कारण फंक्शनांची आतली नावं प्रत्येक कंपायलर आपल्या पद्धतीने गुंफतो. शिवाय टूलकिट म्हणतं, 'माझ्या क्लासपासून तुझा क्लास वारसा घेऊ दे', आणि गो किंवा रस्टसारख्या भाषांत तसा वारसाच नाही. जीटीकेवाल्यांनी सी भाषा धरली आणि लायब्ररीतल्या सगळ्या वस्तूंचं वर्णन मशीनला वाचता येईल अशा रूपात ठेवलं, म्हणून तिचे बाइंडिंग (दुसऱ्या भाषेतून हाक मारायचे सांधे) इतर भाषांत पटकन तयार होतात. कल्पना उत्तम. पण जीटीके विंडोज आणि मॅकवर नेलं की पाहुण्यासारखंच वावरतं, हा माझा अनुभव.

आता मजकूर. यूआयमधलं सर्वांत अवघड कंट्रोल कोणतं असं विचारलं तर बहुतेक जण तक्ता म्हणतील नाहीतर झाडासारखी यादी. मी साधा टेक्स्ट बॉक्स म्हणेन. त्यात 'दुसऱ्या' एवढा एकच शब्द लिहून बघा.

युनिकोडमध्ये या शब्दाचे सात तुकडे: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. यूटीएफ-८ या साठवणीच्या नेहमीच्या रीतीत एकवीस बाइट. डोळ्याला दिसतात तीन अक्षरं. आता उजव्या बाणाने कर्सर हलवा, तो किती ठिकाणी थांबेल? युनिकोडच्याच नियमांनुसार २०२३च्या १५.१ आवृत्तीआधी या शब्दाचे चार गट पडायचे, 'ऱ्‌' आणि 'या' वेगवेगळे. त्या आवृत्तीत भारतीय जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि गट तीन झाले. तुमच्या टूलकिटच्या पोटात कुठली आवृत्ती आहे त्यावर कर्सर जोडाक्षराच्या मध्ये उभा राहणार की नाही हे ठरतं. बॅकस्पेस दाबला की पूर्ण अक्षर जावं की फक्त काना? बऱ्याच ठिकाणी फक्त काना जातो आणि मराठी टाइप करणाऱ्याला तेच हवं असतं. म्हणजे बाणाचं माप वेगळं आणि बॅकस्पेसचं वेगळं.

आणि हे सगळं अक्षर बरोबर जुळलं तर. तुकड्यांतून अक्षर जुळवायचं काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते: क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस, क्यूटी, आणि जावा ९पासून जावासुद्धा. ज्या टूलकिटमध्ये ही पायरीच नाही तिथे वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन पडते आणि हलन्त उघडा पडतो. टीकेची ८.६ आवृत्ती विंडोजवर सिस्टिमची मदत घेऊन मराठी नीट दाखवते, लिनक्सवर मात्र जुळवणी करत नाही. गेम आणि टूलिंगवाल्यांची लाडकी डिअर इमगुई तर जुळवणीच्या भानगडीत पडतच नाही. तुम्ही घरी विंडोजवर टीकिंटर तपासलंत, सगळं छान दिसलं, आणि वाचनालयातल्या उबंटूवर (लिनक्सच तो) 'हिशेब' वाचता येईना, असं व्हायला वेळ लागणार नाही.

टाइप करणं हा आणखी वेगळा कप्पा. बरेच लोक रोमनमध्ये लिहून मराठी शब्द निवडतात. ती निवडीची छोटी यादी कर्सरखाली उघडावी म्हणून टूलकिटने इनपुट पद्धतीला 'कर्सर इथे आहे' असं सतत कळवावं लागतं. विंडोजवर त्यासाठी एक यंत्रणा, मॅकवर दुसरी, लिनक्सवर आयबस किंवा एफसीआयटीएक्स. कळवलं नाही तर यादी स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडते. त्यात 'दुसऱ्या'मधला अर्धा 'ऱ' लिहायच्या तऱ्हा अनेक: ऱचा एकच कोड आणि हलन्त, किंवा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पहिल्या दोन युनिकोडच्या हिशेबी समान, तिसरी नाही. दिसायला तिन्ही सारख्या. एका मशीनवर 'दुसऱ्या' असं नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या मशीनवरच्या शोधात सापडलं नाही तर डेटाबेसवर खापर फोडू नका. नोंद करताना आणि शोधताना दोन्ही वेळा मजकूर एका रूपात आणा, आणि तिसऱ्या तऱ्हेसाठी स्वतःचा एक नियम लिहा.

उंचीचंही तसंच. देवनागरीला वर रफार आणि मात्रा, खाली उकार. विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो, प्रत्येकाची ओळीची उंची निराळी. बटनाची उंची पिक्सेलमध्ये ठोकून दिलीत की कुठेतरी 'पूर्तता'चा ऊकार कापला जाणारच. मापं ठोकू नका, लेआउटवर सोडा. विंडोजच्या लॅपटॉपवर स्क्रीन बहुधा १२५ किंवा १५० टक्क्यांवर असते. ॲपने 'मला स्केलिंग कळतं' असं आधी जाहीर केलं नाही तर विंडोज त्याचं चित्र ताणून दाखवतं. टीकिंटरच्या विंडो धूसर दिसतात त्या यामुळेच.

स्क्रीन रीडरबद्दल, म्हणजे अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, एकच सांगतो. सिस्टिमचं बटन घेतलं की एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर किंवा ऑर्का ते वाचू शकतात. स्वतः रंगवलेलं बटन त्यांच्या दृष्टीने नुसते ठिपके, 'हे बटन आहे' असं तीन सिस्टिम्सना तीन भाषांत सांगावं लागतं. क्यूटी सांगते. टीके ८.६ सांगत नाही. वाचनालय सार्वजनिक आहे, एवढं लक्षात ठेवा.

तर आता तुम्ही काय करावं? आधी मागणीच तपासा. वाचनालयात मॅक खरंच कुणाकडे आहे का? 'तिन्हीवर चालायला हवं' हे वाक्य बऱ्याचदा फक्त कागदावर असतं आणि त्याची किंमत प्रोग्रॅमर मोजतो. काउंटरवरचे दोन्ही कॉम्प्युटर विंडोजचेच असतील तर निम्मा प्रश्न मिटला.

तुमचं काम फॉर्म, यादी आणि शोध एवढंच आहे, म्हणून मी असतो तर विंडोच केली नसती. पायथॉनमध्ये फ्लास्कसारखी वेबसाइट बनवायची एखादी लायब्ररी घेऊन काउंटरच्या एका मशीनवर छोटा सर्व्हर चालवला असता आणि यूआय ब्राउझरमध्ये दिला असता. जगात सर्वांत जास्त घासूनपुसून घेतलेला टेक्स्ट बॉक्स ब्राउझरचा आहे. मराठी, कर्सर, इनपुट, स्केलिंग, स्क्रीन रीडर, सगळं तिथे आधीच सोसून झालंय. इलेक्ट्रॉनची खरी ताकदही हीच. पण त्यासाठी प्रत्येक ॲपबरोबर शंभर एमबीच्या वरचं अख्खं क्रोमियम पाठवायचं, हे एवढ्याशा कामाला मला पटत नाही. त्याच जातीचं टॉरी हलकं आहे, कारण ते मशीनवरचाच वेबव्ह्यू (सिस्टिममधलाच वेबपेज दाखवणारा भाग) वापरतं. मात्र विंडोजवर तो क्रोमियमच्या वंशातला, मॅकवर आणि लिनक्सवर वेबकिटचे, म्हणजे सफारीच्या इंजिनाचे, दोन वेगळे अवतार. तीन ठिकाणी तपासणी आलीच.

डेस्कटॉप ॲपच हवं असेल, समजा बारकोड स्कॅनर आणि पावतीचा प्रिंटर थेट जोडायचाय, तर पायसाइड घ्या. क्यूटीसाठीचीच दुसरी लायब्ररी पायक्यूटीही तितकीच चांगली, पण तिचा परवाना जीपीएल (ॲप वाटलंत तर त्याचा कोडही खुला द्यायची अट) नाहीतर विकतचा. पायसाइड जास्त मोकळ्या अटींच्या एलजीपीएलखाली मिळतं, तुमच्यासाठी ते सुटसुटीत. टूलकिट पक्कं करण्याआधी मात्र प्रत्येक मशीनवर एक विंडो, एक टेक्स्ट बॉक्स आणि एक बटन एवढंच करून बघा. बॉक्समध्ये 'दुसऱ्या' टाइप करा, बाणाने मागे-पुढे जा, मधलं अक्षर खोडा, कॉपी करून दुसऱ्या ॲपमध्ये पेस्ट करा. बटन दाबल्यावर पाच सेकंदांचं काम दुसऱ्या थ्रेडवर चालवा आणि तेवढ्यात विंडो हलवून बघा. यात नापास झालेलं टूलकिट दिसायला कितीही देखणं असलं तरी सोडा.

शेवटचा खर्च लोक हिशेबात धरत नाहीत, तो पोचवण्याचा. पायथॉनचा प्रोग्रॅम बांधून देणारा पायइन्स्टॉलर ज्या सिस्टिमवर चालवाल तिचंच पॅकेज करतो, विंडोजवर बसून मॅकचं होत नाही. डिजिटल सही न केलेली, डाउनलोड केलेली फाइल उघडताना विंडोजचा पहारेकरी स्मार्टस्क्रीन निळी पाटी दाखवून घाबरवतो. २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून बाहेरून आणलेलं ॲप ॲपलकडून तपासून घेतलेलं नसेल तर मॅक ते सहजी उघडू देत नाही, आणि त्या तपासणीसाठी वर्षाला ९९ डॉलर भरून डेव्हलपर व्हावं लागतं. कार्यकारिणीतल्या एखाद्याच सभासदाकडे मॅक असेल तर त्याला सर्व्हरचा पत्ता देऊन ब्राउझरमध्ये उघडायला सांगा. ते ९९ डॉलर पुस्तकांवर घाला.